गाडीचा तापतक्ता

सिस्टर निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांना अजून सगळे सिस्टरच म्हणतात. भाजीवाला म्हणतो, शेजारीपाजारी म्हणतात, जावई चुकून कधीतरी म्हणतो आणि मग जीभ चावतो. त्यांचे यजमानही म्हणतात, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते त्याच हॉस्पिटलात अँब्युलन्स चालवायचे. पहिल्याच दिवशी स्ट्रेचर ढकलताना ते ‘सिस्टर, जरा सरका’ म्हणाले आणि ‘तुम्हीच सरका’ असं ऐकून सरकले. पुढे लग्न झालं म्हणून अशा बाईला एकदम नावाने हाक मारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांना सगळं हॉस्पिटल पायलट म्हणायचं. बत्तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा आला नाही असं ते स्वतः सांगतात आणि सिस्टर ते खोडून काढत नाहीत, त्या अर्थी ते खरं असावं.

सिस्टरांचा वॉर्डात दरारा होता. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मोठमोठे सर्जन राउंडला येण्याआधी बूट पुसून यायचे. ताप सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला घ्यायचा म्हणजे घ्यायचा; पेशंट झोपला असेल तर त्याला उठवून घ्यायचा, आणि झोपेचं औषध द्यायची वेळ झाली तरी उठवून द्यायचं. औषध दिलं की तक्त्यावर खूण करून सही करायची. सही नसेल तर औषध दिलंच नाही असं समजायचं आणि त्या पोरीला जेवणाच्या सुट्टीत धारेवर धरायचं.

पण त्यांचं खरं नाव झालं ते एका वाक्यामुळे. वॉर्डात नवीन मॉनिटर आले तेव्हाची गोष्ट. एक शिकाऊ नर्स धापा टाकत आली. “सिस्टर, नऊ नंबरचं हृदय बंद पडलं! स्क्रीनवर सरळ रेघ आहे!” सिस्टर धावल्या. नऊ नंबर पलंगावर मांडी घालून बिस्किट खात होता. छातीची वायर निघून उशीवर पडली होती. त्या दिवसापासून सिस्टरांनी प्रत्येक नव्या पोरीला एकच मंत्र दिला, “मशीनकडे नको, पेशंटकडे बघ.” आजही त्या हॉस्पिटलात मध्यमवयीन नर्सेस तो मंत्र पुढच्या पोरींना देतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण खुद्द सिस्टर ते विसरणार आहेत.

तर, पायलटांची गाडी. अकरा वर्षं जुनी, छोटी आणि पांढरी. गाडीला पांढऱ्याखेरीज दुसरा रंग असतो हे पायलटांना मान्य नाही. गाडी उत्तम चालली होती, पण यंदा पायलटांची कुरकुर सुरू झाली. “पिकअपच नाही हो सिस्टर. पूर्वीसारखी उचलत नाही.” बाजारातून आले की तेच, लेकीकडून आले की तेच.

लेक चौकापलीकडे, चढावरच्या वस्तीत राहायची आणि तिला सातवा महिना होता. पायलटांनी घरात जाहीर करून टाकलं होतं की वेळ येईल तेव्हा लेकीला हॉस्पिटलात ते स्वतः नेणार. दुसऱ्या कोणाच्या गाडीत ती पाऊल ठेवणार नाही. जावयाने एकदा, “बाबा, अँब्युलन्स बोलावता येते,” असं सुचवलं, तेव्हा पायलटांनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की बिचाऱ्याने तो विषय पुन्हा काढला नाही. म्हणजे आता गाडी ठणठणीत हवी हे ओघाने आलंच. गाडी चौकात गचके खाऊ लागली तर लेकीचं काय होणार, या विचाराने सिस्टरांचं जेवणात लक्ष लागेना.

गाडी मेकॅनिककडे गेली. हा मेकॅनिक जुन्या वळणाचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. सिस्टर त्याला डॉक्टर म्हणत. त्याने एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, पुन्हा कान लावला आणि म्हणाला, “सिस्टर, छाती साफ आहे.” चार दिवसांनी पायलटांची तक्रार पुन्हा हजर.

मग जावई एक डबी घेऊन आला. काडेपेटीएवढी, निळी. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याशी, एक खाच असते. त्यात त्याने ती खटकन बसवली आणि सिस्टरांच्या फोनवर कसलंसं अॅप घालून दिलं. “आई, आता गाडीच्या पोटात काय चाललंय ते सगळं तुम्हाला फोनवर दिसेल. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बॅटरीचा दाब, सगळं.”

सिस्टरांनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनवर बघितलं. गोल तबकड्या होत्या, काटे थरथरत होते, खाली हिरवी रेघ वर-खाली नाचत होती. सहा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज कोणी पाहिलं नव्हतं.

“हा ताप,” त्या म्हणाल्या. “ही नाडी. आणि हे बॅटरीचं म्हणजे रक्तदाब झाला.”

“अं... तसं म्हणायला हरकत नाही,” जावई म्हणाला. त्याची हरकत असती तरी कोणी विचारलं नसतं.

पहिल्याच फेरीत घोटाळा झाला. तापाचा काटा चढत चढत नव्वदवर गेला. “थांबवा! अहो, थांबवा गाडी! नव्वद!” पायलटांनी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली. मागचे हॉर्न वाजवून थकले. मेकॅनिकला फोन गेला. तो म्हणाला, “सिस्टर, गाडीला नव्वद म्हणजे तुमचे साडेअठ्ठ्याण्णव. नव्वदला गेली नाही तर मला फोन करा.” सिस्टरांनी वहीत पहिल्या पानावर लिहून घेतलं: नॉर्मल, ८८ ते ९५.

हो, वही आली. लाल पुठ्ठ्याची, समास आखलेली. तारीख, वेळ, ताप, नाडी, दाब, तक्रार, उपाय, सही. मुंगीएवढं अक्षर. आणि वेळा ठरलेल्याच. सकाळी सहा वाजता सिस्टर गाऊनवर शाल घेऊन खाली जायच्या, गाडी सुरू करायच्या आणि ताप घ्यायच्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पहिल्या दिवशी चोर समजून काठी घेऊन धावत आले. “ताप घेतेय,” सिस्टर म्हणाल्या. ते गृहस्थ सावकाश माघारी गेले आणि बायकोला म्हणाले की सिस्टरांकडे जरा लक्ष ठेवायला हवं.

दुपारी दोनलाही तेच. रात्रीची वेळ मात्र पायलटांनी हात जोडून रद्द करून घेतली.

महिनाभर सिस्टर पायलटांच्या शेजारी बसून फिरल्या. डोळ्यात तेल घालून स्क्रीन बघायच्या. पायलट म्हणाले, “बघा, आता नाही उचलत,” की लगेच ताप बघायचा, नाडी बघायची, दाब बघायचा. सगळं उत्तम. दाब चौदा पॉइंट एक, जसा काही तरण्याबांड पोराचा. अॅपमध्ये बिघाड दाखवणारं एक पान होतं. तिथे रोज एकच ओळ यायची, दोष नाही. “असं कसं नाही?” सिस्टर फोनला विचारायच्या. “पेशंट तक्रार करतोय ना?” वहीची तेवीस पानं भरली आणि निदान होईना. सिस्टरांच्या आयुष्यात असा पेशंट झाला नव्हता. त्या रात्री कूस बदलत राहायच्या.

शेवटी वही काखोटीला मारून त्या मेकॅनिककडे गेल्या. त्याने ऑइलचे हात पुसले, वही चाळली आणि कौतुकाने मान हलवली. त्याच्या गॅरेजात एवढा नीट कागद पूर्वी आला नव्हता. मग त्याचं बोट ‘तक्रार’ या रकान्यात थांबलं.

“सिस्टर, ही तक्रार फक्त संध्याकाळची कशी?”

सिस्टरांनी पाहिलं. सहा चाळीस. सात दहा. सहा पंचावन्न. सकाळच्या फेऱ्यांपुढे सगळीकडे ‘तक्रार नाही’. स्वतःच्याच अक्षरात. पस्तीस वर्षं तक्ते वाचलेल्या बाईला स्वतःचा तक्ता वाचता आला नव्हता.

“चला, मी चालवून बघतो,” मेकॅनिक म्हणाला. वेळही नेमकी पावणेसातची होती. दिवे लागले होते. तोच रस्ता, तोच चौक, तोच चढ. आणि गाडी अशी पळाली की सिस्टरांनी दाराची मूठ धरली. चढावर मेकॅनिकने पाय दाबला आणि गाडी सूं करून वर. “ह्या गाडीला पिकअप नाही?” तो म्हणाला. “हिला लगाम घालायची वेळ आहे.”

परत आल्यावर त्याने फोन मागितला. अॅपमध्ये तिसरं एक पान होतं. सिस्टरांनी ते कधी उघडलं नव्हतं. चालवणाऱ्याने पेडल किती दाबलं त्याची रेघ त्यावर होती. ड्रायव्हरचा पाय हा काही पेशंटचा अवयव नव्हे, असं सिस्टरांचं शास्त्र. जुन्या फेऱ्यांच्या रेघा तिथे साठून होत्या. मेकॅनिकने एक सकाळची काढली. पाय दाबलेला, गाडी धावलेली. मग एक संध्याकाळची काढली. रेघ तळाला चिकटलेली. मध्येच जरा वर यायची, लगेच खाली. पायच दाबला नव्हता, तर गाडी उचलणार काय?

मेकॅनिकने फोन परत दिला. समोरून एक मोटरसायकल दिवा टाकत गेली.

“मी काही म्हणत नाही, सिस्टर,” मेकॅनिक म्हणाला.

“म्हणूही नका,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीकडे जाताना त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि पेशंटकडे बघितलं. म्हणजे पायलटांकडे.

ते स्टिअरिंगवर पुढे झुकले होते. डोळे बारीक केले होते. समोरून दिवे आले की मान एका बाजूला वळायची आणि उजवा पाय पेडलवरून निघायचा. मोकळ्या रस्त्यावर ते पुढच्या रिक्षाचा लाल दिवा पकडून तिच्या मागे मागे जात होते. गतिरोधक आला तेव्हा त्यांनी ओठांतल्या ओठांत काही मोजलं आणि बरोबर वेळेवर वेग कमी केला. तो त्यांना दिसला नव्हता. तो पाठ होता.

महिनाभर हा माणूस हातभर अंतरावर असा बसला होता आणि सिस्टर फोनमध्ये डोकं घालून नाडी मोजत होत्या. शिकाऊ पोरीने असं केलं असतं तर त्यांनी तिला वॉर्डाबाहेर काढलं असतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की लेकीकडे पोचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत म्हणून पायलट घाबरून गेले.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली, बराच वेळ पेन चावलं, मग काही लिहिलं आणि वही मिटली. सकाळी चहाचा कप पायलटांच्या हातात दिला.

“गाडीला आज डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय,” त्या म्हणाल्या.

“गाडीला?”

“हो. तुम्हीही सोबत चला.”

पायलटांनी कप खाली ठेवला. ते बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. सिस्टरांच्या जिभेवर चाळीस वाक्यं उभी होती. अहो, कोणाला चिरडलं असतं म्हणजे? नवऱ्याच्या डोळ्यावर पडदा येतोय हे नर्सला रेघा बघून कळायचं? त्यांनी एकही बाहेर येऊ दिलं नाही.

“कधी कळलं?” पायलटांनी विचारलं.

“परवा. तुम्हाला?”

“दिवाळं वाजलंय ते मागच्या वर्षीच कळलं होतं. दिव्यांभोवती कडी दिसतात. समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं.” ते जरा थांबले. “गाडीवर ढकललं. ती बिचारी काही बोलत नाही ना.”

“आता बोलते,” सिस्टर म्हणाल्या.

पायलटांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “बत्तीस वर्षं लोकांच्या लेकी पोचवल्या मी, सिस्टर. पावसात, बंदमध्ये, कशाही. माझ्या लेकीला दुसऱ्याच कोणीतरी पोचवायचं?”

सिस्टरांनी त्यांचा हात नुसता धरून ठेवला, नाडी न मोजता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू दोन्हीकडे, आधी उजवा करू, महिन्याने डावा, आणि दोन्ही होऊन मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पायलटांनी बोटांवर हिशेब केला. दोन्ही डोळे उरकून, लेकीच्या तारखेला पाच दिवस उरत होते. “बसतंय!” ते म्हणाले. लेकीच्या पोटाकडे बघून त्यांनी नातवंडाला बजावलं, “घाई करायची नाही. आजोबा तयार होतायत.”

ते पोर कोणावर गेलं होतं ते लगेच दिसलं. त्याने ऐकलं नाही.

पहिल्या डोळ्याला बारा दिवस झाले होते. सुट्टीची दुपार होती, लेक आणि जावई जेवायला आले होते. ताटं उचलता उचलता लेक टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मला वाटतं...” सिस्टरांनी पोटावर हात ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “वाटत नाही, आहे. निघायचं. वेळ भरपूर आहे, कोणी धावायचं नाही.” जावई तोवर दोनदा दारापर्यंत धावून आला होता.

पायलट उठले. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा होता. खिळ्यावरची किल्ली त्यांनी न चाचपता काढली, जिना उतरले, गाडीपाशी गेले आणि चालकाचं दार उघडून उभे राहिले.

मागे लेक, तिला धरून सिस्टर. सिस्टरांच्या ओठांवर शब्द आला होता, एकच, खणखणीत, ज्याने पूर्वी अख्खा वॉर्ड जागचा हलायचा नाही. त्यांनी ओठ मिटले. लेकीनेही आईकडे आश्चर्याने बघितलं.

पायलटांनी सीटवर हात फिरवला. दुपारच्या उन्हात त्यांच्या नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत असणार, रस्ता, फाटक, फाटकाबाहेरचं झाड. एका डोळ्याला. मग त्यांनी किल्ली जावयापुढे धरली.

“चल. बस तू.”

“मी? बाबा, मी सहा महिन्यांत गाडी चालवलेली नाही.”

“मी आहे ना शेजारी. बस.”

निघाले. पायलट शेजारी हात मांडीवर ठेवून बसले आणि रस्ता सांगत राहिले. “दुसरा घाल. आता हलकेच पाय दे. पुढे गतिरोधक, डावीकडून घे, तिथे खचलाय. हॉर्न नको, तो सरकेल. ब्रेक आत्तापासून, नंतर नाही. मागे पेशंट आहे, पाण्याचा पेला ठेवलाय असं समज.” बत्तीस वर्षांचा रस्ता होता, त्यातला एक खड्डा त्यांनी चुकू दिला नाही. जावयाच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण गाडी अशी चालली की लेक म्हणाली, “बाबाच चालवतायत असं वाटतंय.” पायलटांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“आई!” जावई मध्येच किंचाळला. समोर लावलेल्या सिस्टरांच्या फोनकडे त्याचं लक्ष गेलं होतं. “ताप शहाण्णव झालाय!”

“मशीनकडे नको!” सिस्टर मागून गरजल्या. “रस्त्याकडे बघा!”

हॉस्पिटलात लेकीला आत नेलं, सिस्टर हक्काने तिच्यासोबत गेल्या. जावई बाकावर बसला आणि त्याला तिथेच झोप लागली. पायलट उरले. त्यांच्या मांडीवर सिस्टरांची पर्स होती आणि पर्समध्ये लाल वही. सिस्टरांचं मुंगीचं अक्षर त्यांना वर्षभरात वाचता आलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा मिटला आणि वाचायला घेतलं. ताप, नाडी, दाब. एकेक अक्षर कोरीव. चोविसावं पान जवळजवळ मोकळं होतं.

गाडी: तक्रार नाही.
चालक: खोटं बोलतात.
कारण: भीती.
उपाय: ओरडू नये.

शेवटचा रकाना सहीचा, तो कोरा होता. पायलटांनी ते पान पुन्हा वाचलं. मग जावयाच्या खिशातलं पेन अलगद काढून घेतलं.

तासाभराने सिस्टर बाहेर आल्या. “मुलगी. दोन किलो सातशे. दोघी छान. आवाज असा आहे की...” पायलटांनी वही पुढे केली. सिस्टरांनी वाचलं. कोऱ्या रकान्यात वेडंवाकडं लिहिलं होतं, ‘उपाय दिला. गुण आला.’ आणि खाली सही.

सिस्टरांना काही दिसेनासं झालं. भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात शेजारून जाणारी एक शिकाऊ नर्स थांबली.

“आजी, बरं वाटत नाहीये का?”

“आजी कोणाला म्हणतेस गं?” सिस्टर अशा ओरडल्या की जावई बाकावरून उठून उभा राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी त्या पोरीचा हात धरला. “म्हण,” त्या म्हणाल्या. “आजीच म्हण.”